वॉर्डात औषध देताना होणाऱ्या चुका: कपाट, चार्ट आणि नोंद

रसायनी (धागाकर्ती)

हा धागा तीस ते पन्नास खाटांच्या रुग्णालयांसाठी आहे. बारकोड नाही, रात्री फार्मासिस्ट नाही, एका सिस्टरकडे बारा-पंधरा रुग्ण आणि निम्मी औषधं नातेवाइकांनी खालच्या मेडिकलमधून आणून दिलेली. मोठ्या रुग्णालयांच्या कार्यपद्धती इथे जशाच्या तशा चालत नाहीत, म्हणून इथे जमण्याजोगं काय आहे ते एकत्र करूया.

माझं म्हणणं आधीच सांगते. चूक झाली की सिस्टरला मेमो देऊन काही साधत नाही. तिच्या जागी उद्या दुसरी येईल, कपाट तेच राहील आणि चूकही तीच होईल. बदलायला हवं ते कपाट, चार्ट आणि लेबल. नेमकं काय बदलायचं हे कळायचं असेल तर चुका लिहिल्या जायला हव्यात, विशेषतः रुग्णापर्यंत पोचण्याआधीच पकडल्या गेलेल्या.

सुरुवात तीन औषधांपासून करते, कारण यांत चूक झाली तर सावरायला फारसा वेळ मिळत नाही.

पोटॅशियम क्लोराईड. नेहमीचं अँप्युल १० मिलीचं, १५ टक्क्यांचं. त्यात दीड ग्रॅम, म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. पातळ न करता शिरेतून ढकललं तर हृदय थांबतं. प्लास्टिकचं अँप्युल डिस्टिल्ड वॉटरसारखंच दिसतं, दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेली असतात, आणि पावडरचं अँटिबायोटिक विरघळवायला घेतलं की हात चुकीच्या अँप्युलवर जातो. वॉर्डच्या ट्रेमध्ये हे अँप्युल ठेवूच नका. आयसीयूत ठेवावंच लागलं तर कुलपात, वेगळ्या डब्यात, ‘पातळ करूनच द्या’ असं ठळक लिहून. वॉर्डला लागेल तेव्हा त्या रुग्णाच्या नावावर मागवायचं.

मिसळतानाची चूक याहून कमी लोकांच्या लक्षात येते. बाटली टांगलेली असतानाच सुईने पोटॅशियम घातलं तर ते जड असल्यामुळे तळाशी, सेटच्या (सलाईनच्या नळीच्या) तोंडाशीच साचतं आणि पहिल्या काही मिनिटांत एकवटून रुग्णाच्या अंगात जातं. बाटली खाली उतरवा, औषध घाला, निदान दहा वेळा उलटीपालटी करा, लेबल लावा, मग टांगा. हाताच्या शिरेतून द्यायचं तर ५०० मिलीत एकच अँप्युल आणि वेग तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आत. म्हणजे ती बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. त्याहून वेगाने देण्याची गरज असेल तर सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेतली नळी), पंप (ठरावीक वेगाने औषध ढकलणारं यंत्र) आणि मॉनिटर हवाच.

इन्सुलिन. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची व्हायल आणि १०० युनिटची व्हायल, दोन्ही चालतात. पेनची काडतुसं १०० युनिटची. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी टोपीची. १०० च्या व्हायलमधून लाल टोपीच्या सिरिंजने ‘१०’ च्या खुणेपर्यंत काढलं तर पाव मिली येतं, म्हणजे २५ युनिट. अडीच पट! उलट केलं, ४० च्या व्हायलला केशरी टोपीची सिरिंज लावली, तर १० ऐवजी ४ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवत बसतात. पुढच्या शिफ्टला बरोबर सिरिंज हाती आली की तोच वाढवलेला डोस अंगाशी येतो. उपाय एकच: अख्ख्या रुग्णालयात एकाच ताकदीची व्हायल आणि तिचीच सिरिंज. दुसरी खरेदीच करू नका. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन काढायचं नाही, कधीच नाही.

पंपासाठी ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट घालताना ४० च्या व्हायलमधून १.२५ मिली लागतं, १०० च्या व्हायलमधून ०.५ मिली. हे दोन आकडे फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा, आणि ऑर्डर लिहिणाऱ्याने ‘यू’ हे अक्षर न वापरता ‘युनिट’ असा पूर्ण शब्द लिहावा. घाईत लिहिलेला तो इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. ५ मिलीची व्हायल दोन ताकदींत येते: एका मिलीत १००० युनिट आणि एका मिलीत ५००० युनिट. पहिलीत एकूण ५०००, दुसरीत एकूण २५०००. गोंधळाचं मूळ इथेच आहे. ‘५०००’ हा आकडा दोन्हींशी जोडलेला आहे, एकीकडे अख्ख्या व्हायलचा म्हणून, दुसरीकडे एका मिलीचा म्हणून. ‘५००० दे’ एवढ्याच तोंडी सांगण्यावर कोणी पूर्ण व्हायल काढतं, कोणी एक मिली. एकच ताकद ठेवा आणि ऑर्डरमध्ये युनिटच्या शेजारी मिलीही लिहा.

बाकीचं तुमच्याकडून येऊ द्या. नोंद ठेवण्याबद्दल सविस्तर बोलायचंच आहे.

इनचार्ज_सिस्टर

रसायनीताई, वॉर्डाच्या बाजूने भर घालते.

सगळ्यात जास्त चुका औषधं काढताना होतात, आणि त्या वेळी सिस्टरला दर मिनिटाला कोणीतरी हाक मारत असतं. नातेवाईक, मावशी, फोन, राउंडला आलेले डॉक्टर. सिडनीतल्या दोन रुग्णालयांमध्ये नर्सेसचं प्रत्यक्ष निरीक्षण करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक व्यत्ययामागे औषधाची चूक होण्याचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणून सकाळी आठ आणि रात्री आठ अशा दोन मोठ्या फेऱ्यांच्या वेळी औषधं काढणाऱ्या सिस्टरकडे फोन द्यायचा नाही. फोन घेणारी दुसरी. दुसरी नसेल तर रिसेप्शनवर अर्धा तास वळवा. ट्रॉलीभोवती जमिनीवर रंगीत पट्टी मारली आणि ‘इथे उभं असलेल्या सिस्टरशी बोलू नका’ अशी पाटी लावली तरी नातेवाईक ऐकतात. डॉक्टरांना मात्र वेगळं सांगावं लागतं.

काढलेलं प्रत्येक इंजेक्शन लगेच लेबल करायचं. नाव, एकूण डोस, किती मिलीत, वेळ, रुग्णाचं नाव, सही. पांढरा चिकटपट्टीचा तुकडा आणि पेन पुरतं. लेबल नसलेली सिरिंज ट्रेमध्ये सापडली तर कितीही महाग औषध असो, फेकायची. ‘हे अमुकच असणार’ असं म्हणून कोणी दिलं तर त्याची नोंद व्हायलाच हवी.

रुग्णाची ओळख खाट नंबरावरून नको. खाटा रात्रीतून बदलतात. पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर (दाखल करतानाचा नोंदणी क्रमांक), दोन्ही. आणि ‘तुम्ही शांताबाई ना?’ असं विचारू नये, झोपेतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असंच विचारायचं.

फोनवरच्या ऑर्डरचा नियम: ऐका, लिहा, वाचून दाखवा, ‘बरोबर’ असं उत्तर घ्या. आकडे फोडून बोला, ‘पंधरा, एक-पाच’, ‘पन्नास, पाच-शून्य’. इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी एकच ऐकू येतं. डॉक्टरांची सही २४ तासांत. केमोथेरपीची ऑर्डर फोनवर घ्यायचीच नाही.

भूलवाला

ओटीबद्दल थोडं, पण महत्त्वाचं.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि स्पायनलचं (मणक्यात टोचायचं) भुलेचं औषध बुपिव्हाकेन यांची अदलाबदल. प्रसूतीतला रक्तस्राव थांबवायला ट्रॅनेक्झॅमिकचा वापर वाढल्यापासून ते भुलेच्या ट्रॉलीवर आलं, आणि दोन्ही अँप्युल काचेची, दिसायला सारखी. मणक्यात गेलं तर झटके येतात, ते औषधांना दाद देत नाहीत, आणि नोंद झालेल्या घटनांत निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल इशारा काढला. ट्रॅनेक्झॅमिक भुलेच्या ट्रॉलीवर ठेवूच नये. स्पायनलचं औषध ज्याने टोचायचं त्यानेच अँप्युल हातात घेऊन मोठ्याने वाचावं आणि रिकामं अँप्युल केस संपेपर्यंत ट्रेमध्येच राहू द्यावं.

व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाचं तत्त्व तेच. ते सिरिंजमध्ये भरूच नका, ५० मिलीच्या छोट्या पिशवीत घालून शिरेतून द्या. पिशवी कोणी मणक्यात टोचायला जात नाही. अशी रचना शंभर सूचनांपेक्षा जास्त काम करते.

सिरिंजच्या लेबलांचे रंग आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहेत: अफूवर्गीय निळे, स्नायू शिथिल करणारी लाल, भूल चढवणारी पिवळी, लोकल (तेवढीच जागा बधिर करणारी) करडी, रक्तदाब वाढवणारी जांभळी, ॲट्रोपिनचा गट हिरवा. चांगले आहेत, पण रंगावर भिस्त ठेवू नका. फेनिलेफ्रिन आणि ॲड्रेनलिन, दोघांचाही रंग जांभळाच.

ॲड्रेनलिनचं सांगतो. अँप्युल एका मिलीत १ मिलिग्रॅम. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत) प्रौढाला अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत. हृदय बंद पडलं तर १ मिलिग्रॅम शिरेतून. घाबरगुंडीत दुसरा डोस पहिल्या प्रसंगाला दिला जातो, म्हणजे धडधडत्या हृदयाच्या माणसाला पूर्ण अँप्युल शिरेतून. क्रॅश कार्टच्या (इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीच्या) झाकणावर हे दोन प्रसंग दोन वेगळ्या ओळींत लिहून चिकटवा.

प्राजक्त

लेबर रूमसाठी मॅग्नेशियम सल्फेटचं (गरोदरपणातल्या झटक्यांवरचं औषध) गणितही हवं. २ मिलीचं अँप्युल ५० टक्क्यांचं, १ ग्रॅम. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे तर ४ अँप्युल, म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर, एकूण २० मिली, आणि सावकाश. पातळ न करता ढकललं की गडबड. पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या: गुडघ्यावर हलकं ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहेत का, लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का. एक जरी नसेल तर डोस थांबवा, डॉक्टरांना बोलवा. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलीचं अँप्युल खाटेशेजारी तयार हवं, फार्मसीत नको.

बालवॉर्ड

मुलांमध्ये दहापटीची चूक सगळ्यात वाईट, आणि तिचं कारण बहुधा दशांश चिन्ह असतं. ‘.५’ लिहू नका, ‘०.५’ लिहा. ‘१.०’ लिहू नका, ‘१’ लिहा. ठिपका दिसला नाही की .५ चे ५ आणि १.० चे १० होतात.

प्रत्येक मुलाच्या चार्टवर आजचं वजन किलोमध्ये, वर उजव्या कोपऱ्यात. वजन नसलेला चार्ट फार्मसीने परत पाठवावा, अपवाद फक्त इमर्जन्सीचा. ऑर्डर अशी असावी: ‘१५ मिग्रॅ प्रति किलो × १० किलो = १५० मिग्रॅ = अमुक मिली’. गणित कागदावर दिसलं की दुसरा माणूस ते तपासू शकतो.

पॅरासिटामॉलचंच बघा. त्या १० किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम हवेत. १२५ चं सिरप (५ मिलीत १२५ मिलिग्रॅम) असेल तर ६ मिली, २५० चं (५ मिलीत २५०) असेल तर ३ मिली, आणि ड्रॉप्स (मिलीत १०० मिलिग्रॅम) असतील तर १.५ मिली. ‘६ मिली द्या’ एवढंच सांगितलं आणि घरात ड्रॉप्सची बाटली असली तर बाळाला ६०० मिलिग्रॅम जातात. आई-बाबांना देताना बाटली हातात धरून तिच्यावरची ताकद दाखवा, सिरिंजवर पेनाने खूण करून द्या. चमच्याने मोजायला सांगू नका.

शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची बाटली १०० मिलीची, त्यात पूर्ण एक ग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे १८ मिली. बाटली तशीच टांगून ‘१८ मिली गेलं की बंद करू’ असं ठरवलं आणि दुसऱ्या खाटेवर धावपळ झाली तर सगळी एक ग्रॅम जाते. मुलांसाठी ही बाटली टांगायचीच नाही. हवं तेवढं सिरिंजमध्ये काढा, उरलेलं टाकून द्या.

नळीतून दूध किंवा तोंडावाटेचं औषध देताना अशीच सिरिंज वापरा जिचं टोक कॅन्युलाला बसतच नाही.

मिरजकर

सगळं मान्य, पण धागाकर्तीचं मेमोबद्दलचं म्हणणं पटत नाही. शिक्षा नसेल तर शिस्त कुठून येणार? आणि प्रत्येक औषध दोघींनी तपासलं तर सगळे प्रश्न मिटतात, त्यावर कोणी बोलतच नाही.

क्वालिटी_डेस्क

मिरजकर काका, दुहेरी तपासणीपासून सुरू करतो. सगळ्या औषधांना लावली की ती नुसती सही उरते. पहिली सिस्टर म्हणते ‘दोन मिली, बरोबर ना?’ आणि दुसरी मान डोलावते. तपासणी स्वतंत्र हवी: दुसरीने ऑर्डर पाहून स्वतः गणित करायचं आणि पहिलीचं उत्तर नंतर बघायचं. याला वेळ लागतो, म्हणून ती मोजक्या औषधांनाच लावा. इन्सुलिन आणि हेपॅरिनचे पंप, पोटॅशियम, अफूवर्गीय, केमो, मुलांचे शिरेतले डोस. रात्री एकटीच सिस्टर असेल तर आरएमओ (निवासी डॉक्टर) दुसरा तपासणारा, गरज पडल्यास फोनवर आकडे वाचून.

आता मेमो. तीन प्रकार वेगळे करा. हात चुकला, डोळा चुकला: तिथे माणसाला धीर द्या आणि रचना सुधारा. शॉर्टकट घेतला कारण सगळेच घेतात (उदाहरणार्थ आधीच सही करून ठेवणं): तिथे समजावून सांगा आणि शॉर्टकट का लागतो ते शोधा. धोका माहीत असून बेपर्वाई केली, कागद बदलला, दारू पिऊन ड्युटी केली: तिथे कारवाई, आणि ती कडक. कुठल्या खान्यात टाकायचं कळत नसेल तर एक प्रश्न विचारा: तेवढंच शिकलेली दुसरी सिस्टर त्याच रात्री त्याच कपाटासमोर असती तर तिच्या हातूनही हे झालं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर मेमो चुकीच्या माणसाला जातोय.

नोंदीचा फॉर्म अर्ध्या पानाचा ठेवा, मराठीत. तारीख, वेळ, शिफ्ट, वॉर्ड. रुग्णाचा आयपीडी नंबर. औषध, डोस, मार्ग. चूक कुठल्या टप्प्यावर: लिहिताना, चार्टवर उतरवताना, फार्मसीतून देताना, तयार करताना, देताना, की नंतर लक्ष ठेवताना. काय झालं ते दोन-तीन ओळींत. रुग्णापर्यंत पोचलं का? रुग्णासाठी काय केलं? आणि शेवटचा रकाना सगळ्यात मोठा: ‘हे घडायला कशामुळे वाव मिळाला?’ चूक करणाऱ्याच्या नावाचा रकाना नको. भरणाऱ्याचं नाव ऐच्छिक. पेटी इनचार्जच्या टेबलावर ठेवू नका, सगळ्यांचा वावर असतो अशा जागी ठेवा.

गंभीरता ठरवायला ‘ए’ ते ‘आय’ अशी नऊ पायऱ्यांची जी पद्धत जगभर वापरली जाते तीच घ्या. हेपॅरिनच्या उदाहरणाने सांगतो. दोन ताकदी एकाच खणात दिसल्या, अजून काही घडलं नाही: ए. चुकीची व्हायल काढली पण टोचण्याआधी पकडली: बी. टोचली, रुग्णाला काही झालं नाही: सी. टोचली आणि काही झालं नाही ना हे बघायला जादा तपासण्या कराव्या लागल्या: डी. तात्पुरता त्रास झाला, उपचार लागला: ई. मुक्काम वाढला: एफ. कायमचं नुकसान: जी. जीव वाचवण्यासाठी धावपळ करावी लागली: एच. मृत्यू: आय.

ए आणि बी चे फॉर्म हीच खरी कमाई, कारण तिथे कोणाचंही नुकसान न होता कपाटातलं भोक दिसतं. ‘आमच्याकडे महिनाभर एकही चूक नाही’ असं कोणी सांगितलं तर समजा की तिथे फॉर्म भरले जात नाहीत.

इनचार्ज_सिस्टर

यात एक भर. फॉर्म भरणारीला आठवड्याच्या आत कळलं पाहिजे की तिच्या कागदाचं काय झालं. दोन फॉर्म असेच पेटीत पडून राहिले की तिसरा कोणी भरत नाही.

क्वालिटी_डेस्क

शंभर टक्के. महिन्यातून अर्धा तास डॉक्टर, इनचार्ज, फार्मासिस्ट एवढ्यांनी बसायचं आणि दर वेळी एक बदल पक्का करायचा. बदल निवडताना त्याची ताकद बघा. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ हे परिपत्रक सगळ्यात दुबळं. प्रशिक्षण त्याहून बरं, पण नवी मुलं आली की विरतं. चेकलिस्ट, छापील चार्ट, वेगळे खण ही मधली पायरी. धोकादायक वस्तू वॉर्डातून काढूनच टाकणं, एकच ताकद विकत घेणं, न बसणारी सिरिंज: हे सगळ्यात मजबूत.

एनएबीएचसाठी (रुग्णालयांना मानांकन देणारी संस्था) चुकांचा दर काढायचा तर सापडलेल्या चुका भागिले चूक होऊ शकली असती अशा संधी, गुणिले शंभर. त्यासाठी फक्त पेटीवर अवलंबून राहू नका. फार्मासिस्टने रोज पाच-दहा चार्ट स्वतः तपासावेत: डोस, ॲलर्जीचा रकाना, न वाचता येणारं अक्षर, लघुरूपं, सुटलेले डोस. स्वतःहून सांगितलेल्या चुकांपेक्षा प्रत्यक्ष तपासणीत कितीतरी जास्त सापडतात. पहिल्या काही महिन्यांत आकडा वाढेल. मालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते मोहीमच बंद करतात.

काळा_कोट

लोक फॉर्म भरत नाहीत त्यामागे कायद्याची भीती आहे, तेव्हा स्पष्ट लिहितो. निष्काळजीपणाने मृत्यू यासाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (१) आहे, १ जुलै २०२४ पासून. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला वैद्यकीय प्रक्रिया करताना दोन वर्षांपर्यंत. ही सवलत डॉक्टरांच्या व्याख्येला जोडलेली आहे, नर्सेसना नाही. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं. दुसरी बाजू अशी की जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की फौजदारी जबाबदारीसाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ स्वरूपाचा निष्काळजीपणा लागतो.

व्यवहारात महत्त्वाचं: केस पेपर आणि चूक नोंदवायचा फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केस पेपरवर फक्त घडलेलं लिहा. काय दिलं, किती वाजता, रुग्णाची स्थिती काय, कोणाला कळवलं, काय उपचार केला. ‘अमुकच्या हलगर्जीमुळे’ असे शेरे नकोत. आणि खाडाखोड, पांढरी शाई, पान बदलणं अजिबात नाही. चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ, सही, तारीख, वेळ. मूळ चुकीपेक्षा बदललेला कागद कोर्टात जास्त महागात पडतो.

अनामिका_नाशिक

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. चूक झाल्याचं लक्षात आल्यावर पहिल्या तासात रुग्णालयाने काय करायला हवं? आणि आम्ही नातेवाइकांनी आमच्या बाजूने काय करावं?

रसायनी

ताई, पहिलं रुग्णालयाचं सांगते. औषध अजून चालू असेल तर ते थांबवायचं, पण कॅन्युला काढायची नाही, उतारा द्यायला तीच लागते. नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, आणि इन्सुलिन असेल तर साखर लगेच. डॉक्टरांना बोलवायचं, नुसतं कळवायचं नाही. उताऱ्याचा साठा कुठे आहे हे आधीच माहीत हवं: हेपॅरिनला प्रोटामिन, अफूवर्गीयांना नॅलोक्झोन, इन्सुलिनला २५ टक्के डेक्स्ट्रोज, मॅग्नेशियमला कॅल्शियम ग्लुकोनेट. रिकामी अँप्युल, सिरिंज, पिशवी, सेट सगळं एका पिशवीत भरून लेबल लावून बाजूला ठेवायचं. मावशींनी कचऱ्यात टाकलं की नेमकं काय गेलं हे कधीच कळत नाही.

मग नातेवाइकांना सांगायचं, त्याच दिवशी, मोठ्या डॉक्टरांनी, बसून, साध्या शब्दांत: काय झालं, त्याचा काय परिणाम होऊ शकतो, आत्ता काय करतोय. एकट्या सिस्टरला पुढे करायचं नाही. तिलाही त्या दिवशी उरलेल्या ड्युटीतून मोकळं करा, हादरलेल्या हातांनी तिने पुढची औषधं काढू नयेत.

तुमच्या बाजूने: घरी चालू असलेली सगळी औषधं पट्ट्यांसकट घेऊन या, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेलीसुद्धा. ॲलर्जी स्वतःहून सांगा. नवं औषध दिसलं की ‘हे कशासाठी?’ असं विचारा, त्यात कोणाचा अपमान नाही. सिरिंज पंपाचं बटण किंवा सलाईनचं चाक स्वतः फिरवू नका. डिस्चार्जच्या वेळी जुनं कुठलं चालू, कुठलं बंद, नवं कुठलं, हे तीन रकान्यांत लिहून मागा. जुन्या गोळीची दुसऱ्या कंपनीची आवृत्ती नव्या नावाने लिहून दिली जाते आणि घरी दोन्ही घेतल्या जातात, हे फार घडतं.

भूलवाला

डिस्चार्जवरून मेथोट्रेक्सेट आठवलं. सांधेदुखीसाठी ते आठवड्यातून एकदा असतं. ‘रोज एक’ असं कागदावर उतरलं किंवा घरी समजलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस दगावतो. कागदावर वाराचं नाव लिहा, ‘फक्त सोमवारी’. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि फॉलव्हाइट म्हणजे फॉलिक ॲसिड, नावं जवळची आहेत, म्हणून फार्मसीत शेजारी ठेवू नका. डॉक्टरांनी जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं हे २०१६ पासून वैद्यकीय परिषदेच्या आचारसंहितेतच आहे.

प्राजक्त

रुग्णालयाबाहेर कुठे कळवायचं?

क्वालिटी_डेस्क

औषधामुळे रुग्णाला त्रास झाला असेल तर भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाकडे, म्हणजे पीव्हीपीआयकडे. तो २०१० मध्ये सुरू झाला, राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात बहुधा त्यांचं देखरेख केंद्र असतं, फॉर्म तिथे द्या किंवा १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. नातेवाईकही कळवू शकतात, त्यांच्यासाठीचा फॉर्म मराठीत आहे. पंप किंवा सेट बिघडल्यामुळे डोस चुकला असेल तर वैद्यकीय उपकरणांचा कार्यक्रम वेगळा आहे, एमव्हीपीआय, केंद्र तेच. औषधच गढूळ, बुरशी आलेलं, चुकीच्या लेबलचं असेल तर एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन), आणि त्या बॅचचा उरलेला साठा कुलपात. लसीनंतरची घटना असेल तर तालुका किंवा जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे. या चारही ठिकाणी बॅच नंबर विचारतात, म्हणून खोका फेकू नका.

मिरजकर

तीन खान्यांचं पटलं. आमच्या संस्थेच्या बैठकीत मांडतो. एक अडचण राहते: औषधं नातेवाईक बाहेरून आणतात, तिथे कपाट सुधारून काय उपयोग?

रसायनी

काका, तिथे तर जास्त लक्ष लागतं. प्रत्येक रुग्णाला झाकणाचा एक डबा, त्यावर नाव आणि आयपीडी नंबर, आणि तो ट्रॉलीवर ठेवायचा, खाटेखाली नाही. पिशवी आली की सिस्टरने चार्ट समोर ठेवून एकेक औषध तपासायचं: नाव, ताकद, मुदत. मेडिकलवाल्याने ‘हे नव्हतं, त्याऐवजी हे’ म्हणून बदलून दिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्यात जायचं नाही. गोळ्या पट्टीतून सुट्या करून ठेवायच्या नाहीत. औषध बंद झालं की त्याच दिवशी डब्यातून बाहेर, नातेवाइकांना परत, सही घेऊन. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन मात्र नातेवाइकांना आणायला लावायचीच नाहीत, ती रुग्णालयानेच द्यावीत. आणि खालच्या मेडिकलवाल्याला महिन्याच्या त्या अर्ध्या तासाच्या बैठकीला बोलवा. कंपनी बदलली, खोक्याचा रंग बदलला, हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं.